हिशेबाची वही संगणकात अडकते तेव्हा

दोन घरांत पगार सारखा, माणसे सारखी, भाडेही सारखेच. तरी एका घरात मुलीची कॉलेजची फी वेळेवर भरली जाते आणि दुसऱ्या घरात त्याच महिन्यात दागिना गहाण पडतो. असे का होते, याचे उत्तर पुष्कळदा एका साध्या सवयीत सापडते. पहिल्या घरात रोजचा हिशेब लिहिला जातो, दुसऱ्या घरात तो डोक्यात ठेवला जातो. डोक्यातला हिशेब महिन्याच्या वीस तारखेपर्यंत टिकत नाही, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.

तथागतांनी गृहस्थांना केलेला उपदेश फक्त शील आणि समाधीपुरता नाही. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवायचा. अंगुत्तरनिकायात दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला केलेल्या उपदेशात 'समजीविता' हा शब्द येतो. तराजू धरणाऱ्याला काटा किती झुकला ते जसे कळते, तसे गृहस्थाला आपले उत्पन्न आणि खर्च कळले पाहिजेत, असा त्याचा आशय आहे. उधळपट्टी नको आणि कंजूषपणाही नको. परंतु काटा दिसायचा तर तो लिहिलेला असला पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेब तर अर्थशास्त्राचे पंडित. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. सरकारने जमवलेला पैसा कोठून आला आणि कोठे गेला, हे आकड्यांनिशी विचारणारा हा महापुरुष. त्यांच्या अनुयायांच्या घरात महिन्याचा जमाखर्च सापडू नये, हे आम्हांस शोभणारे नाही.

वही गेली, संगणक आला

आता पुष्कळ घरांत वहीची जागा संगणकाने घेतली आहे. आपली मुले टॅलीचे वर्ग करतात, कोणी एक्सेलमध्ये तक्ते मांडतात, कोणी घरखर्चासाठी वेगळे सॉफ्टवेअर वापरतात. त्यांतले 'ग्नूकॅश' हे आम्हांस विशेष उपयोगी वाटते. त्याची पहिली आवृत्ती १९९८ साली आली. ते फुकट मिळते, विंडोजवर चालते आणि लिनक्सवरही चालते. त्यात दुहेरी नोंदीची पद्धत आहे. प्रत्येक व्यवहार एका खात्यावर नावे आणि दुसऱ्या खात्यावर जमा. वाणिज्य शाखेत शिकलेल्या कोणालाही ती रोजकीर्द आणि खतावणी लगेच ओळखू येईल.

विकतच्या सॉफ्टवेअरचा एक धडाही लक्षात ठेवावा. मायक्रोसॉफ्टचे 'मनी' हे घरगुती हिशेबाचे सॉफ्टवेअर एके काळी जगभर चालत होते. २००९ साली कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि वापरणाऱ्यांना आपापली वाट शोधावी लागली. हिशेब आपला आहे, तेव्हा तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसलेल्या जागी असावा.

पण या फुकटच्या सोयीतही एक दुखणे आहे. वर्षे सरतात, नोंदी वाढतात आणि सॉफ्टवेअर हळूहळू मंद होते. पहिल्या वर्षी चुटकीसरशी उघडणारी फाईल आठव्या-नवव्या वर्षी उघडता उघडत नाही. यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. मोठेसे काय, ते पुढील उदाहरणावरून कळेल.

भाकऱ्या होतात, फाईल उघडत नाही

आमच्या वस्तीत एक सेवानिवृत्त सफाई कामगार राहतात. त्यांच्या थोरल्या मुलीने २०१३ सालापासून घराचा सगळा हिशेब ग्नूकॅशमध्ये ठेवला. रोजच्या सरासरी पाच नोंदी धरल्या, तरी नऊ वर्षांत सोळा हजारांवर नोंदी झाल्या. वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातून तीन म्युच्युअल फंडांत रक्कम ठेवली होती, त्यांचे भावही ती रोज उतरवून घेत असे. एकदा पतसंस्थेच्या हप्त्याबाबत प्रश्न निघाला, तेव्हा तिने पावती क्रमांकासह नोंद काढून दाखवली आणि प्रश्न जागेवर मिटला.

२०२२ सालापर्यंत तो संगणक जुना झाला. फाईल उघडायला पाच मिनिटे लागू लागली. आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, "काका, मी बटण दाबते आणि स्वयंपाकाला लागते. तोवर माझ्या चार भाकऱ्या होतात." मग रोजची नोंद आठवड्यावर गेली, आठवड्याची महिन्यावर. पुढे तीन महिने काहीच लिहिले गेले नाही. नेमक्या त्याच काळात वडिलांनी दोन हप्ते रोखीने भरले. त्यांतला एक मिळालाच नाही, असे पतसंस्थेने सांगितले. पावती सापडेना आणि संगणकात नोंद नाही. आई वैतागून म्हणाली, "नऊ वर्षं लिहितेस, मग आत्ताच कसं नाही?" शेवटी ३,२०० रुपयांचा हप्ता दुसऱ्यांदा भरावा लागला.

पेन्शनवर चालणाऱ्या घरात ३,२०० रुपये म्हणजे महिन्याचा किराणा. मंद संगणकाने ते पैसे खाल्ले नाहीत, पण लिहिण्याची सवय खाल्ली, आणि सवय गेली त्याबरोबर पुरावाही गेला. गरिबाच्या हातात कागदाखेरीज दुसरे बळ नसते. म्हणून हा विषय केवळ संगणकाचा आहे, असे समजून वाचकांनी पान उलटू नये.

आधी दुखणे ओळखा

संगणक मंद झाला की लोक दोन गोष्टी करतात. एक तर दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा संगणक घेतात, नाही तर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात. दोन्ही उपाय निदान न करता दिलेल्या औषधासारखे आहेत.

पहिले काम म्हणजे हिशेबाच्या फाईलची प्रत पेनड्राईव्हवर काढून बाजूला ठेवणे. त्याशिवाय कशालाही हात लावू नये. दुसरे काम घड्याळ लावून मोजण्याचे. फाईल उघडायला किती वेळ, जतन करायला किती, अहवाल काढायला किती, हे कागदावर लिहावे. तिसरे काम म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडणे. फाईल उघडत असताना त्यात पाहावे. 'डिस्क'चा आकडा शंभर टक्क्यांना टेकला असेल तर अडचण हार्डडिस्कची. 'मेमरी' भरली असेल तर रॅम कमी पडते. दोन्ही मोकळी आहेत आणि प्रोसेसरच राबतो आहे, असे दिसले तर सॉफ्टवेअरवर कामाचा बोजा जास्त आहे.

यानंतर एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. चार बदल एकदम केले तर कशाने गुण आला ते कळत नाही.

ग्नूकॅश आतून काम कसे करते

उपाय समजण्यासाठी थोडे आतले समजले पाहिजे. ग्नूकॅश आपला हिशेब सहसा एक्सएमएल नावाच्या प्रकारच्या एकाच फाईलमध्ये ठेवते. फाईल उघडताना पहिल्या दिवसापासूनच्या सर्व नोंदी ते मेमरीत घेते. जतन करताना पूर्ण फाईल पुन्हा लिहून काढते. एखाद्या कारकुनाने एक नवी ओळ लिहिण्यासाठी रोज पहिल्या पानापासून सगळी रोजकीर्द उतरवून काढावी, तसे हे आहे. वही लहान असते तोवर ते जाणवत नाही. त्यातच काम चालू असताना ठरावीक मिनिटांनी आपोआप जतन करण्याची सोय असते, आणि तिची मूळ मुदत पाच मिनिटांची आहे. म्हणून मंद संगणकावर नोंदी लिहिता लिहिता मध्येच पडदा थबकतो.

खर्चाशिवायचे उपाय

पहिला उपाय उघड्या अहवालांचा. सॉफ्टवेअर बंद करताना ताळेबंद, खर्चाचा तक्ता, आलेख असे अहवाल उघडे राहिले, तर पुढच्या वेळी ग्नूकॅश ते सगळे नव्याने तयार करते. नऊ वर्षांचा खर्चाचा आलेख रोज सकाळी पुन्हा काढायचा, तर वेळ लागणारच. बंद करण्यापूर्वी सर्व अहवालांचे टॅब मिटवावेत. वर सांगितलेल्या घरात सहा अहवाल असे उघडे राहत होते. ते मिटवताच पाच मिनिटांची दोन मिनिटे झाली.

दुसरा उपाय मुदतीचा. अहवाल काढताना सुरुवातीपासूनचा हिशेब मागू नये. 'एडिट' मेनूतील 'प्रेफरन्सेस'मध्ये 'अकाउंटिंग पीरियड' असते, तेथे १ एप्रिल ते ३१ मार्च ही मुदत ठरवावी. बचत खात्यासारख्या हजारो नोंदींच्या खात्यात 'व्ह्यू' मेनूतील 'फिल्टर बाय' वापरून चालू वर्षाच्याच नोंदी दिसतील असे करावे. जुन्या नोंदी पुसल्या जात नाहीत, केवळ नजरेआड होतात.

तिसरा उपाय भावांच्या साठ्याचा. तीन योजनांचे भाव कामकाजाच्या दर दिवशी घेतले, तर वर्षाला साधारण साडेसातशे नोंदी होतात. सहा वर्षांच्या साडेचार हजार. घरगुती गुंतवणुकीला महिन्याचा एक भाव पुरतो आणि सहा वर्षांचे होतात अवघे २१६. 'टूल्स' मेनूतील भावांच्या यादीत 'रिमूव्ह ओल्ड' हे बटण आहे. त्यात महिन्याचा शेवटचा भाव ठेवून बाकीचे काढता येतात. खरेदीची रक्कम आणि युनिट मूळ व्यवहाराच्या नोंदीत असतात. त्यांना याने धक्का लागत नाही.

चौथा उपाय जुन्या प्रतींचा. प्रत्येक वेळी जतन करताना ग्नूकॅश आधीच्या फाईलची तारीख-वेळ घातलेली प्रत त्याच फोल्डरमध्ये ठेवते. शिवाय त्या बैठकीतल्या बदलांची वेगळी नोंदफाईल बनवते. या किती दिवस ठेवायच्या ते प्रेफरन्सेसमध्ये ठरवता येते. मूळ मुदत ३० दिवसांची असते. कोणी 'कायम' हा पर्याय निवडला असेल, तर फोल्डरमध्ये हजारो फायली साठतात. मग तो फोल्डर पेनड्राईव्हवर उतरवायला अर्धा तास लागतो, आणि म्हणून कोणी उतरवतच नाही. सुरक्षेसाठी केलेली सोय अशी सुरक्षेच्याच आड येते. मुदत पुन्हा ३० दिवसांची करावी.

पाचवा उपाय जागेचा. हिशेबाची फाईल गूगल ड्राईव्ह किंवा वनड्राईव्हच्या फोल्डरमध्ये ठेवून काम केले, तर प्रत्येक जतनाबरोबर ती इंटरनेटवर चढू लागते. काम संगणकावरच्या साध्या फोल्डरमध्ये करावे आणि दिवसाच्या शेवटी एक प्रत तेथे टाकावी.

सहावा उपाय दाबून ठेवण्याचा. प्रेफरन्सेसमध्ये 'कम्प्रेस फाईल्स' अशी खूण असते. ती असली की फाईल आवळून लहान केली जाते. डिस्कवर जागा वाचते, पण दर वेळी आवळण्या-सोडवण्याचे काम प्रोसेसरवर पडते. प्रोसेसर जुना आणि डिस्क चांगली असेल, तर खूण काढून वेळ मोजून पाहावा. फरक पडला नाही तर पुन्हा घालावी.

बँकेचे उतारे परस्पर आत घेणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. कोणता खर्च कोणत्या खात्यात घालायचा, हे ग्नूकॅश आपल्या आधीच्या निवडीवरून शिकत जाते. वर्षानुवर्षांचे हे शिकणे साठून उतारा आत घेण्याचे काम मंदावते. 'टूल्स' मेनूतील 'इम्पोर्ट मॅप एडिटर'मध्ये जाऊन निरुपयोगी ओळी काढून टाकाव्यात.

पद्धत बदलावी काय?

ग्नूकॅशमध्ये २०१० सालच्या २.४ या आवृत्तीपासून हिशेब डेटाबेसमध्ये ठेवण्याची सोय झाली. 'सेव्ह ॲज'मध्ये एसक्यूलाईट हा प्रकार निवडला की प्रत्येक नोंद पूर्ण होताच तेवढीच लिहिली जाते. सगळी रोजकीर्द उतरवण्याचा त्रास वाचतो. दिवे जाण्याची सवय असलेल्या वस्तीत हा मोठाच फायदा आहे. मात्र उघडताना सर्व हिशेब मेमरीत घेतला जातोच, तेव्हा उघडण्याचा वेळ यामुळे कमी होईल अशी अपेक्षा धरू नये. जुन्या फायलींच्या आपोआप निघणाऱ्या प्रतीही या प्रकारात मिळत नाहीत. रोज हाताने प्रत काढण्याची शिस्त असेल, त्यांनीच ही वाट धरावी.

नवे वर्ष, नवी वही

आपल्या जुन्या दुकानदारांची रीत अशी, की वर्ष संपले की वही बांधून माळ्यावर ठेवायची आणि नव्या वहीत शिल्लक ओढून घ्यायची. संगणकातही तसे करता येते. 'फाईल' मेनूतील 'एक्स्पोर्ट'मधून फक्त खात्यांची यादी नव्या फाईलमध्ये घ्यावी आणि ३१ मार्चच्या शिल्लक रकमा आरंभीची शिल्लक म्हणून मांडाव्यात. जुनी फाईल दोन ठिकाणी जपून ठेवावी. 'क्लोज बुक' या नावाची सोय दिसते, पण ती फक्त उत्पन्न-खर्चाची खाती शून्यावर आणते. नोंदी कमी करत नाही, म्हणून तिने वेग वाढत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. शेअर आणि म्युच्युअल फंड विकताना नफ्याचा हिशेब मूळ खरेदी किमतीवरून होतो. नव्या फाईलमध्ये नुसती आजची शिल्लक आणली, तर खरेदीची तारीख आणि किंमत हरवते. प्रत्येक खरेदी तारखेसह नव्याने लिहावी, नाही तर ज्या घरात अशी गुंतवणूक आहे त्यांनी फाईल बदलूच नये. सोळा हजार नोंदींचे ओझे चांगल्या यंत्राला फार नसते.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी

एक्सेलमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांचे दुखणे वेगळे. 'टुडे', 'ऑफसेट', 'इनडायरेक्ट' ही सूत्रे कोणताही आकडा बदलला की पुन्हा मोजली जातात. ती शेकडो घरांत भरली असतील, तर प्रत्येक नोंदीला संगणक थबकतो. आजची तारीख एकाच घरात ठेवावी आणि बाकीच्या सूत्रांनी तिच्याकडे पाहावे. 'सम-प्रॉडक्ट'सारख्या सूत्राला पूर्ण कॉलम देऊ नये, कारण एका कॉलममध्ये १०,४८,५७६ ओळी असतात आणि आपला हिशेब दोन हजार ओळींचा. 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स'मध्ये 'मॅन्युअल' निवडून नोंदी संपल्यावर एफ-नाईन दाबले तरी चालते. मात्र ते दाबायला विसरले तर बेरीज शिळी राहते, हे ध्यानात असावे.

यंत्रावर खर्च करायचा तर कोठे?

वरील सर्व करूनही डिस्कचा आकडा शंभराला टेकत असेल, तर नवा संगणक घेण्याआधी हार्डडिस्क बदलावी. लॅपटॉपमधल्या जुन्या हार्डडिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५,४०० फेऱ्या फिरते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलीसेकंदांवर वेळ जातो. सुई सरकण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. तेथे हेच काम मिलीसेकंदाच्या एका लहानशा भागात होते. घरगुती हिशेबाला २५६ जीबीची एसएसडी भरपूर झाली. रॅम चार जीबी असेल आणि जागा रिकामी असेल, तर ती आठ करावी. वर सांगितलेल्या घरात भावांची साफसफाई झाल्यावर वेळ दीड मिनिटावर आला होता. एसएसडी बसवल्यावर फाईल वीस सेकंदांत उघडू लागली. संगणक तोच राहिला.

विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. ज्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढत नाही, ते भंगारात देण्यापूर्वी त्यावर लिनक्स टाकून पाहावे. ग्नूकॅश त्यावर चालते आणि ग्नूकॅशची जुनी फाईल जशीच्या तशी उघडते.

किल्ली एकाच्याच हाती नको

शेवटी एक सामाजिक गोष्ट. घरातला एकच शिकलेला मुलगा किंवा मुलगी संगणक जाणते आणि बाकीचे तिच्या तोंडाकडे पाहतात, हे बरे नव्हे. ज्ञान एकाच्या मुठीत आणि बाकीचे बाहेर, या व्यवस्थेने आपल्या समाजाचे किती नुकसान केले, ते वेगळे सांगायला नको. तीच व्यवस्था आपल्या घरात, आपल्या विहाराच्या हिशेबात आणि जयंती मंडळाच्या कपाटात नव्याने उभी राहू नये. वर्गणी देणाऱ्याने विचारले आणि खजिनदाराने 'फाईल उघडत नाही' असे उत्तर दिले, तर लोकांच्या मनात शंका येते. मग तो खजिनदार कितीही प्रामाणिक असो, त्याचे नाव खराब होते.

म्हणून घरात निदान दोघांना हिशेब उघडता आणि लिहिता आला पाहिजे, आणि त्यांतली एक घरातली स्त्री असावी. घरखर्च तिच्याच हातून होतो, तर तराजूची दांडीही तिच्या हाती हवी. त्या घरातली आई आता रात्री जेवणे आटोपल्यावर स्वतः फाईल उघडते. तिला इंग्रजी येत नाही, पण कोणत्या रकान्यात काय लिहायचे ते ठाऊक आहे. खात्यांची नावे मुलीने मराठीत करून दिली आहेत: किराणा, दूध, औषध, पतसंस्था, विहार. पावती हातात आली की त्याच दिवशी क्रमांकासह चढते.

येत्या रविवारी विहारातून आल्यावर वाचकांनी आपल्या संगणकातली हिशेबाची फाईल घड्याळ लावून उघडून पाहावी. अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागला, तर प्रत काढून वरील उपाय एकेक करून पाहावेत. आणि ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी मन लहान करू नये. दोनशे पानांची वही आणि एक पेन एवढ्यावरही हिशेब चालतो, आणि ती वही उघडायला वेळ लागत नाही.